सालामीत प्रोबायोटिक घालताना

सालामी म्हणजे आंबवून वाळवलेलं, न शिजवता खायचं सॉसेज. पहिल्या वेळी मी प्रोबायोटिकच्या (पोटाला चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल फोडून नुसती भुकटी खिम्यात मिसळली. दोन दिवसांनी पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) 5.7 वरच अडकलेला. सगळं कचऱ्यात. पोटाला चांगला जिवाणू मांसात जोमाने आंबवेलच असं नाही, म्हणून सालामीचं नेहमीचं विरजण (मांस आंबवणाऱ्या जिवाणूंचं तयार पाकीट) लागतंच. प्रोबायोटिक त्याच्या जोडीला.

इथे जर्मनीत मी 2 किलोचा घाणा करते: 1400 ग्रॅम डुकराचं मांस, 600 ग्रॅम पाठीची चरबी, दोन्ही जवळजवळ गोठलेली. 56 ग्रॅम नायट्राइटवालं मीठ (मांस टिकवायचं, इथे ते तयार मिळतं, साधं मीठ चालणार नाही), 10 ग्रॅम डेक्स्ट्रोज, मिरी, लसूण. डेक्स्ट्रोज जिवाणूंचा खाऊ, तो विसरू नका.

विरजण आणि लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम (हेच माझं प्रोबायोटिक), दोन्ही पाकिटावरच्या मापाने, क्लोरीन नसलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवा. नळाचं क्लोरीनवालं पाणी त्यांना मारतं. खिमा हाताला चिकटेपर्यंत मळा, आतड्यात गच्च भरा, हवेचे फुगे सुईने टोचा.

मग 22 ते 24 अंशांवर, दमट जागी दोन दिवस. मी बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवते. 48 तासांत पीएच 5.3 च्या खाली आलाच पाहिजे. मीटरनेच मोजा, वासावर जाऊ नका. नाही आला तर फेकून द्या. पुढे 12 ते 15 अंशांवर, वजन तिसऱ्या हिश्श्याने घटेपर्यंत टांगा.

गोव्याच्या चोरिस सॉसेजसारखी ही परतू नका. तिथे आंबटपणा व्हिनेगरचा. इथे तव्यावर जिवाणूच मरतील.