पेल्विक फ्लोअरचे स्नायू नेमके कुठे असतात आणि कसे ओळखायचे
बाळंतपणानंतर शिंक आली की थेंबभर लघवी होते आणि कितीतरी जणी वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. याचा संबंध बऱ्याचदा पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंशी असतो, म्हणून हे लिहितेय.

आधी जागा समजून घ्या. कडक खुर्चीवर ताठ बसा, खाली टोचतात ती दोन बैठकीची हाडं, पुढे ओटीपोटाच्या अगदी खाली हाताला लागतं ते जघनाचं हाड आणि मागे माकडहाड, या चार टोकांच्या मधे झोळीसारखे स्नायू ताणलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार देतात. पुरुषांनाही ही झोळी असतेच, प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) ऑपरेशननंतर त्यांनाही खाली सांगितलेला व्यायाम देतात.

आता स्नायू शोधायचा. गॅस अडवताना आत खेचतो ना तसं खेचा, सोबत लघवी रोखल्यासारखं, आतून वर उचलल्यासारखं वाटलं की बरोबर. पोट, मांड्या, कुल्ले आवळले जात असतील तर चुकतंय, आणि श्वास अजिबात रोखू नका. खरोखर लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका प्लीज, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सैल सोडा, असं १० वेळा, दिवसातून ३दा. सैल सोडणं बऱ्याच जणी विसरतात, पण सतत आवळलेला स्नायू दुखायला लागतो. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, म्हणून केगेल म्हणतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. दुखत असेल किंवा खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.