रायफलचे हँडलोड अचूक हवेत? मग पावडर निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत रायफल नेमबाजीचा छंद जोपासणारे अनेक जण आपली काडतुसे घरीच भरतात; अशा काडतुसांना हँडलोड किंवा नुसते लोड म्हणतात. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा योग्य मापाची करायची, तिच्यात नवा प्राइमर (पावडर पेटवणारी ठिणगी देणारी टोपी) बसवायचा, तोलून पावडर ओतायची आणि वर गोळी बसवायची, असा हा क्रम असतो. तिथे हा कायदेशीर छंद आहे. भारतात मात्र परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा ठरते, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. शिवाय कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफलची .२२ रिमफायर काडतुसे कारखान्यातूनच भरून येतात; त्यांचा प्राइमरचा मसाला पुंगळीच्या काठातच असल्याने ती घरी पुन्हा भरण्याची सोय नसते. त्यामुळे पुढील विवेचन अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी आणि .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूरसारख्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्राइमर असणाऱ्या काडतुसांपुरते आहे. पावडरच्या वजनाचे आकडे येथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यावेत, मित्राच्या वहीतून नव्हे.

वेगाच्या रकान्याला भुलणे

तक्ता उघडला की नवख्याची नजर सर्वांत आधी वेगाच्या रकान्याकडे जाते आणि ज्या पावडरपुढे सर्वांत मोठा आकडा असेल, तिचा डबा विकत घेतला जातो. लक्ष्यावर गोळ्या एकाच जागी पडाव्यात अशी अपेक्षा असेल, तर सरासरी वेग किती आहे यापेक्षा प्रत्येक गोळीचा वेग मागच्या गोळीशी किती जुळतो, हे महत्त्वाचे असते. .३०८ मधून सुमारे २६०० फूट प्रति सेकंद वेगाने सुटणाऱ्या १७५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) गोळीचे उदाहरण घ्या. दोन गोळ्यांच्या वेगात ५० फुटांचा फरक पडला, तरी १०० यार्डांवर उंचीतला फरक जेमतेम इंचाच्या दहाव्या भागाइतका असतो आणि तो नजरेतही भरत नाही. १००० यार्डांवर मात्र त्याच दोन गोळ्या एकमेकींपासून फूटभर किंवा त्याहून अधिक वर-खाली पडतात. म्हणूनच जवळच्या अंतरावर सुरेख वाटणारा लोड लांबच्या स्पर्धेत मालकाला तोंडघशी पाडतो.

वेग जुळण्यासाठी पावडरने पुंगळी किती भरते, हे पाहावे. दर वेळी एकसारखी पेटणारी आणि सुरक्षित दाबाच्या मर्यादेत पुंगळीची आतली जागा साधारण नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापणारी पावडर चांगली. पुंगळी अर्धी रिकामी राहिली, तर रायफल उचलताना नळी खाली झुकली की पावडर गोळीकडे सरकते आणि वर झाली की प्राइमरकडे साचते. त्यानुसार पेट घेण्याची रीत बदलते आणि वेगही हलतो. फार जलद जळणारी पावडर थोडक्यातच दाबाची मर्यादा गाठते, म्हणून ती कमी भरावी लागते. फार सावकाश जळणारी पावडर पुंगळी काठोकाठ भरली तरी पुरेसा दाब देत नाही, आणि मग पुंगळीच्या गळ्यावर काजळी व नळीत अर्धवट जळलेले दाणे दिसू लागतात. या दोन टोकांच्या मध्ये .३०८ साठी व्हार्गेट किंवा आयएमआर ४०६४ आणि ६.५ क्रीडमूरसाठी एच४३५० या पावडरी वर्षानुवर्षे टिकून आहेत. त्यांच्या लोकप्रियतेमागे जाहिरातीपेक्षा हे गणितच जास्त आहे.

वडाची साल पिंपळाला

सर्वांत धोकादायक चूक ही आहे. २०२० नंतर अमेरिकेत पावडर आणि प्राइमरचा मोठा तुटवडा पडला, तेव्हा हवी ती पावडर न मिळालेले लोक ज्वलनवेगाचा तक्ता काढून त्यात शेजारच्या ओळीत कोणती पावडर आहे ते पाहत आणि जुन्या पावडरचे वजन नव्या पावडरला लावून मोकळे होत. ज्वलनवेगाचा तक्ता फक्त क्रम सांगतो. वर्गात पहिला आणि दुसरा कोण आला हे कळल्याने त्यांच्या गुणांत किती अंतर होते हे जसे कळत नाही, तसेच हेही आहे. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या तक्त्यांत तीच पावडर दोन-चार जागा वर-खाली सापडते, कारण पावडरचा ज्वलनवेग पुंगळीचा आकार, गोळीचे वजन आणि दाब यांच्यानुसार बदलतो.

नावांतल्या साम्याने या घोटाळ्यात भर पडते. आयएमआर ४३५०, एच४३५० (एच म्हणजे हॉजडन कंपनी) आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगवेगळ्या पावडरी असून त्यांचे वजनाचे तक्तेही वेगवेगळे आहेत. ४८३१ बाबत तर अधिकच जपावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारी शिल्लक साठ्यातील ४८९५ पावडर विकत घेऊन छांदिष्टांना विकायला सुरुवात केली आणि पुढे तोफगोळ्यांसाठी बनलेली ४८३१ देखील त्याच वाटेने बाजारात आली. आज एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ या नावांनी मिळणाऱ्या पावडरींपैकी आयएमआरची पावडर अधिक जलद जळते. एच४८३१ चे कमाल वजन आयएमआर ४८३१ मध्ये भरणाऱ्याची रायफल धोक्याच्या दाबाला जाऊ शकते. याउलट एच४८३१ आणि एच४८३१एससी ही एकच पावडर असून दुसरीचे दाणे केवळ आखूड कापलेले असतात, आणि अनेक जण नेमका याच जोडीचा धसका घेतात!

कायम एकच पावडर वापरणाऱ्यांनीही डब्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे ती पावडर कोणत्या खेपेत बनली त्याचा क्रमांक, वाचायला हवा. नवा लॉट उघडला की वजन थोडे खाली आणून पुन्हा वर चढत जावे. हे टाळायचे असेल, तर एका मोसमाला पुरेल इतका एकाच लॉटचा आठ पौंडी डबा घेणे सोयीचे पडते.

हवामान विसरणे

फेब्रुवारीच्या थंडीत मिशिगनमध्ये जुळवलेला लोड जुलैत ॲरिझोनाच्या उन्हात नेला की वेग आणि दाब दोन्ही वाढतात, आणि थंडीत कमाल मर्यादेच्या काठावर असलेला लोड उन्हाळ्यात ती मर्यादा ओलांडतो. व्हार्गेट, एच४३५० आणि एच४८९५ या पावडरी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला येथील कारखान्यात तयार होतात आणि हॉजडन कंपनी त्या तापमानाला कमी दाद देणाऱ्या म्हणून विकते. याचा अर्थ त्यांच्यावर उष्णतेचा काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. तापलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) काडतूस मिनिटभर ठेवून निशाण साधत बसलात, तर कोणतीही पावडर गरम होते. काडतुसांचा डबा सावलीत ठेवणे आणि नेम पक्का झाल्यावरच काडतूस चेंबरमध्ये सरकवणे, या दोन सवयींना पैसे लागत नाहीत.

दाण्याचा आकार आणि रायफलची यंत्रणा

गोल दाण्यांची बॉल पावडर मापकातून पाण्यासारखी ओघळते, त्यामुळे प्रत्येक वेळी वजन जवळजवळ सारखे येते. लांबट दाण्यांची पावडर मापकाच्या फिरत्या कडेत अडकते, दाणे कचाकच कापले जातात आणि ते हाताला जाणवतेही. अशा पावडरचा प्रत्येक भार स्वतंत्र तोलावा. तरीही लांब पल्ल्याच्या स्पर्धक मंडळींची पसंती बहुधा लांबट दाण्यालाच असते, कारण बॉल पावडरी सामान्यतः तापमानाला अधिक संवेदनशील असतात आणि पेटायलाही जड असतात. काही बॉल पावडरींसाठी कंपनी मॅग्नम, म्हणजे अधिक जोरदार प्राइमर सुचवते. ती सूचना दिसली तर मनाने साधा प्राइमर वापरू नये, आणि दिसली नाही तर उगाच मॅग्नमही लावू नये.

अर्धस्वयंचलित किंवा स्वयंचलित रायफलीत पावडर गोळी ढकलते आणि यंत्रणाही चालवते, हे विसरल्याने मोठमोठ्या संस्थाही फसल्या आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराची एम१६ रायफल मूळ विकासात वापरलेली पावडर बदलून बॉल पावडरवर चालवली गेली. गोळीबाराचा दर वाढला, मळ साचू लागला आणि व्हिएतनाममध्ये रायफली ऐन लढाईत अडकल्या. क्रोम न केलेले चेंबर आणि साफसफाईच्या साहित्याचा अभाव हीदेखील त्याची कारणे होती, पण १९६७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने केलेल्या चौकशीत पावडरच्या बदलावर ठपका ठेवला गेला.

छांदिष्टांच्या जगात हाच धडा एम१ गॅरंड शिकवते. ओहायोतील कॅम्प पेरी येथे आजही या जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा भरतात. गॅरंडमध्ये नळीच्या टोकाजवळच्या छिद्रातून वायू घेतला जातो. .३०-०६ काडतुसाच्या, हाताने बोल्ट सरकवण्याच्या शिकारी रायफलीत उत्तम चालणारी सावकाश पावडर इथे वापरली, तर गोळी त्या छिद्रापाशी पोहोचते तेव्हाही दाब बराच शिल्लक असतो आणि यंत्रणेचा लांब दांडा वाकू शकतो. म्हणून या रायफलीसाठी आयएमआर ४८९५ किंवा आयएमआर ४०६४ अशा मध्यम ज्वलनवेगाच्या पावडरी आणि खास गॅरंडसाठी छापलेला तक्ताच वापरावा.

तीन गोळ्यांवरून निकाल

तीन गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या की लोड सापडला असे मानणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. तोच लोड दुसऱ्या दिवशी दुप्पट पसरतो आणि मग पावडरला बोल लावला जातो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) पाच गोळ्यांचे प्रमाण विचलन कितीही सुंदर दिसले, तरी तो आकडा फारसा भरवशाचा नसतो. किमान वीस गोळ्या झाडल्याशिवाय दोन पावडरींत निवड करू नये, आणि त्या काळात गोळी, प्राइमर, गोळी बसवण्याची खोली यांतले काहीही बदलू नये. एकाच संध्याकाळी तीन गोष्टी बदलणाऱ्याला सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली, हे कळत नाही.

बिघाड कुठे आहे, हे ओळखणे

१०० यार्डांवर गोळ्या उभ्या रेषेत विखुरतात, पण क्रोनोग्राफवर वेग जुळलेला आहे, अशा वेळी पावडर निर्दोष असते. रायफलच्या दस्त्याचे स्क्रू, दुर्बिणीचे माउंट, बायपॉडवरचा (दोन पायांच्या टेकूवरचा) भार आणि खांद्याचा दाब तपासावा. वेगच हलत असेल, तर आधी वजनाचा काटा पाहावा. इलेक्ट्रॉनिक काटा एसीच्या झोताखाली असला किंवा पुरेसा गरम होऊ दिला नसला, तर त्याचे शून्य सरकत जाते. प्रमाणित वजन ठेवून मध्येमध्ये खात्री करावी. काटा बरोबर निघाला, तर पुंगळ्यांच्या गळ्याची पकड आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची सरमिसळ यांकडे वळावे. हे सगळे झाल्यावरच पावडर बदलण्याचा विचार करावा.

बोल्ट उघडताना जड गेला, प्राइमर चपटा झाला किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला, तर तिथेच थांबावे. उरलेली काडतुसे झाडून संपवू नयेत. गोळ्या ओढून काढण्याच्या साधनाने ती उघडावीत. दाब कमी व्हावा म्हणून किंवा फक्त धक्का सौम्य व्हावा म्हणून तक्त्यातल्या किमान वजनाखाली जाणेही चुकीचे आहे. एच४८९५ चा भार तक्त्यातील कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची मुभा हॉजडन कंपनी स्वतः देते, पण ती मुभा त्याच पावडरपुरती आहे.

काम संपले की मापकातली पावडर त्याच दिवशी मूळ डब्यात परत ओतावी, आणि बाकावर एका वेळी एकच डबा उघडा असावा. दोन डबे शेजारी असले आणि मापकात कोणती पावडर उरली आहे याची शंभर टक्के खात्री नसली, तर ती पावडर वापरू नये, पुन्हा डब्यातही टाकू नये. डबा उघडताच आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस भुकटी दिसली, तर ती पावडर कुजू लागलेली असते; मग डबा कितीही महाग असो, ती वापरू नये.