भजनाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील बहुतेक मराठी गावांत भजनी मंडळ असते आणि मंडळातल्या कुणा ना कुणाच्या घरी, ट्रंकेत किंवा फडताळात, एकादशीच्या जागराच्या नाहीतर सप्ताहाच्या कॅसेटी पडून असतात. त्या संगणकावर उतरवण्यासाठी ऑडॅसिटी आणि वेष्टनाच्या चित्रासाठी गिंप, हे दोन्ही विनामूल्य प्रोग्रॅम पुरेसे आहेत. अडचण वेगळीच आहे. खरखर काढून टाकणाऱ्या सोयींना टाळ आणि टेपची सळसळ यांतला फरक नीट कळत नाही, आणि अखंड वाजणारी वीणा ही त्यांच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखीच असते. म्हणून शक्य तितके काम टेपरेकॉर्डरपाशीच उरकावे आणि संगणकावर कमीत कमी कापाकापी करावी, हेच धोरण या लेखात धरले आहे.

कॅसेट लावण्याआधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे टॅब मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने ध्वनिमुद्रण पुसले जाणार नाही. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या कॅसेटींच्या टेपवर पांढरी बुरशी दिसते. अशी कॅसेट सर्वांत शेवटी लावावी, कारण तिची बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते. टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा निखळला असेल, तर दोन्ही चकत्या स्क्रूने जोडलेल्या दुसऱ्या रिकाम्या कॅसेटीत बसवाव्यात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावे, रबरी चाकाला मात्र ओलसर फडकेच पुरते.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात आणि तेच सर्वांत जास्त फळ देते. हेडच्या बाजूला, बहुधा स्प्रिंगवर बसवलेला, एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो. ज्या यंत्रावर भजन मुद्रित झाले त्याचा कोन आणि आपल्या यंत्राचा कोन जुळला नाही, तर टाळांचा आवाज दबतो आणि शब्द घोगरे ऐकू येतात. कॅसेट चालू ठेवून, शक्य असल्यास आवाज मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, पातळ पेचकसाने तो स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, दोन्हीकडे फिरवून पाहावा आणि ज्या जागी टाळ सर्वांत स्वच्छ वाजतात तिथे थांबावे. मूळ जागेची खूण आधी करून ठेवावी. इथे गेलेला टाळांचा आवाज पुढे कोणत्याही इक्वलायझरने पुरता परत मिळत नाही.

आता जोडणी. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर एकच गोल भोक असते आणि त्यातून आत जाणारा आवाज हा एका मायकापुरता, म्हणजे मोनो असतो. त्यात टेपरेकॉर्डरची वायर घातल्यास आवाज फाटतो. त्यामुळे लाइन इनपुट (टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा आवाज थेट घेणारे भोक) असलेले साधे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. टेपरेकॉर्डरला लाइन आउट असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर न्यावी आणि दुसऱ्या प्रकारात टेपरेकॉर्डरचा आवाज निम्म्याच्या खालीच ठेवावा. घूं असा ५० हर्ट्झचा आवाज मागे येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे; बऱ्याचदा तो तिथेच थांबतो. नॉच फिल्टर, म्हणजे एक अरुंद पट्टा तेवढा कापणारा इफेक्ट, लावून ५०, १००, १५० हर्ट्झ कापता येतात हे खरे, पण मृदंगाच्या धुमेचा काही भागही त्याच पट्ट्यात असतो.

विंडोजच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये त्या इनपुटसाठी ऑडिओ एन्हान्समेंट, म्हणजे आवाज आपोआप ‘सुधारण्याची’ सोय, चालू असल्यास ते बंद करावे. हे विसरल्यास वीणेचा सूर हळूहळू विरत जातो, गवई थांबला की पुन्हा वर येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की कॅसेटच खराब आहे. ऑडॅसिटीत दोन चॅनल, ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिट निवडावे. या हिशेबाने मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते. नव्वद मिनिटांची कॅसेट दीड जीबीच्या आसपास जाते. मीटरवरील सर्वांत मोठी उसळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. गजराच्या वेळी टाळ एकदम चढतात, म्हणून पातळी ठरवताना कॅसेटचा आरंभ न ऐकता गजराचाच भाग ऐकावा. एक संपूर्ण बाजू एका दमात मुद्रित करून तिची फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवणारा फाइलप्रकार) प्रत लगेच वेगळी ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

वेगाचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण लाइट गेल्यावर सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरवर पुष्कळ भजने मुद्रित झालेली असतात. सेल उतरले की मुद्रणाच्या वेळी टेप मंद फिरते, आणि तीच टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर आवाज चढा व घाईचा लागतो. इथे मंडळाची पेटी कामाला येते. मंडळी काळी दोन या पट्टीत गात असत हे जुन्या पेटीवाल्यांकडून समजले आणि संगणकावरचा षड्ज (सा) काळी दोन व पांढरी तीन यांच्या बरोबर मधोमध लागला, तर आवाज अर्ध्या पट्टीने चढा आहे. ऑडॅसिटीतील वेग बदलण्याच्या इफेक्टमध्ये उणे २.८ टक्के घातले की तो जागेवर येतो. पूर्ण एका पट्टीचा फरक असेल तर सुमारे उणे ५.६ टक्के. मुद्रणात वाजलेली तीच पेटी शिल्लक असेल तर मोबाइलवरील ट्यूनरपेक्षा तिच्यावरच विश्वास ठेवावा, कारण जुन्या पेट्यांचे सूर ४४० हर्ट्झच्या मापाला धरून असतीलच असे नाही.

खरखर कमी करण्यासाठी नॉइज रिडक्शन वापरताना आधी नमुना द्यावा लागतो. हा नमुना दोन अभंगांमधल्या जागेतून घेऊ नये. तिथे वीणा वाजतच असते आणि नमुन्यात ती गेली की सगळ्या भजनातून तिचा सूर पुसट होतो. मूळ मुद्रणात रेकॉर्डचे बटण दाबल्यापासून पहिला सूर लागेपर्यंतचा एक-दोन सेकंदांचा तुकडा सापडतो, तोच घ्यावा. घट ६ डेसिबलवर ठेवावी. १२ च्या पुढे गेल्यास टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा गुळगुळतो, आणि त्यापेक्षा थोडी सळसळ राहिलेली परवडते. केलेल्या बदलाची परीक्षा घेण्यासाठी ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडावा: काढून टाकला जाणारा आवाज तेवढा ऐकू येतो. त्यात टाळ ओळखू आले, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. मुद्रण मूळचे एकाच मायकाचे असेल आणि हेडचा कोन नीट जुळलेला असेल, तर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो केल्यानेच सळसळ सुमारे ३ डेसिबलने उतरते, तीही टाळांना धक्का न लावता.

मंगलाचरण, अभंग, गौळण, भैरवी यांच्या खुणा लेबलने कराव्यात. लेबल देवनागरीत लिहिता येतात आणि निर्यात करताना तीच फाइलींची नावे होतात.

वेष्टनाच्या कागदावर बॉलपेनने लिहिलेली गायकांची नावे, तिथी आणि गावाचे नाव हा त्या मुद्रणाचा एकमेव दाखला असू शकतो, म्हणून तो कागद ६०० डीपीआयवर स्कॅन करावा आणि मूळ स्कॅनला हात लावू नये. गिंपमध्ये लेव्हल्स वापरून कागदाचा पिवळेपणा थोडा उतरवला की पुसट शाई वाचता येते. डाग मात्र पूर्ण घालवण्याच्या भरीस पडू नये, एखादा अनुस्वार डागाबरोबर जातो.

नवे चित्र करायचे असल्यास ३००० बाय ३००० पिक्सेल घ्यावे. आपल्याकडे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लागते. बलू २ आणि बलू तम्मा २ हे एकाच कुळातले टंक (फॉन्ट) देवनागरी व कन्नडसाठी आहेत, त्यामुळे दोन्ही ओळींची जाडी जुळते, नोटो या टंककुळाचेही तसेच. कन्नड जोडाक्षरातले दुसरे अक्षर ओळीच्या खाली उतरते, म्हणून त्या ओळीखाली थोडी जास्त जागा सोडावी. गिंपच्या मजकूर साधनात भाषा म्हणून मराठी निवडल्यास, टंकात सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. छापखान्याकडून मिळालेला जुना मजकूर युनिकोडमध्ये नसल्यास त्याची डागडुजी करत बसण्यापेक्षा तो पुन्हा टंकित करणे लवकर होते, आणि छपाईला पाठवताना अक्षरांसह सपाट केलेली टिफ फाइल द्यावी, म्हणजे तिकडच्या संगणकावर टंक नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत.