मराठी कीबोर्ड चालू असला की गाडी हलेना

ओपन सोर्स रेसिंग गेममध्ये डब्ल्यू-ए-एस-डी वर गाडी चालवायची सोय केली. खानापुरात भाच्याच्या कॉम्प्युटरवर मात्र गाडी जागची हलेना. आमच्या बेळगाव भागात एकाच कीबोर्डवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नांदतात. त्याच्याकडे मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) चालू होता. त्यात डब्ल्यूवर दोन मात्रा, डीवर हलन्त. कन्नड लावलं तरी तेच रडगाणं.

गेम ज्यावर बांधलाय त्या एसडीएल २ या लायब्ररीत कीकोड म्हणजे बटणातून उमटणारं अक्षर, ते चालू भाषेप्रमाणे बदलतं. स्कॅनकोड म्हणजे बटणाची जागा, ती बदलत नाही. मूळ कोड कीकोड तपासत होता. चारही बटणं स्कॅनकोडवर नेली, गाडी सुसाट!

सेटिंगमध्ये बटणाचं नाव दाखवायला मात्र कीकोडच बरा. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो, तिथला खेळाडू बिचारा डब्ल्यू शोधत बसेल.