माउथवॉश घेताय? आधी बाटली उलटी करून वाचा

ब्रश रोज दोनदा होतो आणि जीभही घासली जाते, असं धरून चालतो. ते होत नसेल तर माउथवॉशवर पैसे घालवू नका.

खरी गोची होते दुकानात. बाटलीच्या पुढच्या बाजूला पुदिन्याची पानं असतात, कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत. तिथे ‘इथेनॉल’ किंवा नुसतं ‘अल्कोहोल’ शोधा. काही माउथवॉशमध्ये ते 20 टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे वाइनपेक्षा जास्त! ते असतं मुख्यतः विरघळवायला. ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल, शिवाय निलगिरी. ही मंडळी नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत.

‘जितकी आग तितकी सफाई’ या समजुतीत मी कितीतरी वर्षं काढली. तोंड कोरडं पडायचं, हिरड्या चुरचुरायच्या, वरचेवर तोंड यायचं. दोष मात्र रविवारच्या मिसळीला! बाटली बदलली, मिसळ तीच ठेवली आणि त्रास थांबला. तेव्हा रोजच्यासाठी अल्कोहोल नसलेलाच घ्या. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी, तोंड आलेल्यांनी आणि दारू सोडलेल्यांनी तर दुसरा हातात धरूच नये. सहा वर्षांखालच्या मुलांना कुठलाच नको, ती गिळतात.

यादीत बेंझिल अल्कोहोल किंवा सॉर्बिटॉल दिसलं तर दचकू नका, ती दारू नव्हे. श्रावण पाळणाऱ्या शेजारच्या काकूंना हे मी तीनदा समजावलंय.

डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन, म्हणजे जंतू मारणारं औषधी माउथवॉश, दिलं असेल तर ते सांगतील तितकेच दिवस. ‘चांगलं आहे’ म्हणून पुढे रेटलंत, वर अमृततुल्य चालूच, तर दातांवर तपकिरी डाग आलेच समजा. ब्रशनंतर अर्धा तास जाऊ द्या. पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्यानं ते निकामी होतं.

बाकी सोपं. झाकणानं मोजा, 30 सेकंद खळखळवा, थुंका, वर पाण्याची चूळ नको. साधा फ्लोराइडचा असला तरी ब्रशपाठोपाठ नको, पेस्टमधलं जास्तीचं फ्लोराइड धुऊन जातं. दुपारी जेवणानंतर बरा.

आणि शनिवारी रात्री अल्कोहोलवाल्याची गुळणी करून लगेच गाडी काढू नका. नाकाबंदीत फुंकायला लावलं तर यंत्र तोंडातलाच अंश पकडेल. तो साधारण 15 मिनिटांत उडतो. तेवढा वेळ मागून पुन्हा फुंकू द्या म्हणावं. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, थुंकलेली गुळणी तिच्या जवळपासही जात नाही.