टेक्स्टाइल डिझाइनला जायचंय? आधी दोरे मोज

पहिल्या वर्षी विणकामाच्या तासाला मी मोराचा काठ रंगवून नेला होता. रात्रभर जागून. सरांनी कागद हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "इंचात किती दोरे धरलेस?" मी गप्प. सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेली, वडील चादरीच्या मागावर, आणि मला उत्तर येईना.

म्हणून बारावीतलं कुणी विचारायला आलं की मी कॉलेजांची नावं नंतर सांगते. आधी एक पिक ग्लास घे म्हणते. घडीचं छोटं भिंग असतं, खाली इंचाची चौकट. कापडावर ठेव आणि सुईच्या टोकाने दोरे मोज: उभे किती, आडवे किती. आईचा सुती पदर, शाळेचा गणवेश, गादीचा अभ्रा, जे हाताला लागेल ते. मग कडेचा एक दोरा ओढून काढ. तो पिळाचा आहे का, एकेरी की दुहेरी, ते बघ. ओढलेले चार दोरे स्टीलच्या ताटलीत जाळ, शेजारी पाणी ठेवून. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला आणि लोकरीला जळक्या केसांचा. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. प्रत्येक तुकडा वहीत चिकटव आणि शेजारी हे सगळं लिही. भावसुद्धा लिही.

चादर उलटून बघायची सवय लाव. सोलापुरी चादरीत मागच्या बाजूला तीच नक्षी, पण रंगांची अदलाबदल झालेली दिसते. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीचा काठ मागूनही पुढच्यासारखाच असतो, लोंबते दोरे नसतात. असं का, हे शोधायला लागलीस-लागलास की अर्धा अभ्यासक्रम घरबसल्या सुरू झाला.

प्रवेशाचं थोडक्यात. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि खारघरची निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था), दोन्हीकडे बी.डेस. ही डिझाइनची पदवी चार वर्षांची, पहिलं वर्ष पायाभूत. एनआयडीची परीक्षा प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत होते. निफ्टला चित्रांचा आणि सामान्य क्षमतेचा पेपर असतो, पुढे सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या सामानातून हाताने वस्तू करावी लागते. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टलाही हा विषय आहे. इचलकरंजीचं डीकेटीई किंवा मुंबईचं व्हीजेटीआय या कॉलेजांतलं टेक्स्टाइल शिक्षण अभियांत्रिकीकडचं, त्याची वाट वेगळी. (माझ्या आत्याला अजून वाटतं की मी शिवणक्लास केला.) पोर्टफोलिओत सुंदर चेहरे भरू नकोस. ती वही ठेव, दोरे जाळलेल्या डागांसकट.

आता गणित. याला घाबरून माझ्या वर्गातले दोघं छपाईकडे वळले. समज, 20 इंच रुंदीचे, 80 इंच लांबीचे दोन स्टोल विणायचेत, इंचाला 40 दोरे. म्हणजे ताण्यात, मागावरच्या उभ्या दोऱ्यांत, 800 दोरे. दोन्ही एकाच ताण्यावर, म्हणून लांबी 160 इंच. पण माग बांधायला, आकसायला आणि शेवटी जो तुकडा विणताच येत नाही त्या दशीला म्हणून आणखी 40 धर. झाले 200. आठशे गुणिले दोनशे, भागिले 36: सुमारे 4,444 यार्ड. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. आपलं सूत 2/40 धर, म्हणजे चाळीस नंबरचे दोन दोरे एकत्र पिळलेले, म्हणजे हिशोबाला वीस नंबर. पौंडाला 16,800 यार्ड. तेव्हा ताण्याला साधारण 120 ग्रॅम सूत लागेल. मी पहिल्यांदा दशी धरलीच नव्हती. दुसरा स्टोल वीतभर आखूड निघाला, तो आजही माझ्या भावाच्या गळ्यात असतो, मफलर म्हणून.

रिपीट, म्हणजे जोड न दिसता पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, संगणकावर शिकण्याआधी कागदावर शीक. चौकोनाच्या मधोमध चित्र काढ, कडांना लागू देऊ नकोस. उभा काप, दोन्ही अर्धे एकमेकांच्या जागी सरकव, मागून चिकटपट्टी लाव. मग आडवा काप, तसंच कर. आता मध्ये जी मोकळी जागा आली ती भर. नऊ झेरॉक्स शेजारी शेजारी लावून लांबून बघ. नको ती तिरकी पट्टी लगेच डोळ्यात येते.

रंगाईत एकच हट्ट धर: सगळं वजनात. 50 ग्रॅम सुताला दोन टक्के छटा म्हणजे एक ग्रॅम रंग. "चिमूटभर" लिहिलंस तर तो रंग परत कधी मिळणार नाही. माझा एक जांभळा असाच गेला. आणि रंगाची भांडी स्वयंपाकात परत आणायची नाहीत, कितीही घासली तरी.

पुढे कधीतरी विणकरांकडे राहून त्यांच्या कामाची नोंद करायचा प्रकल्प येतो. आमचा येवल्याला होता. मी पहिल्या दिवशी कॅमेरा आणि चाळीस प्रश्न घेऊन मागाशेजारी बसले. विणकराची मजुरी कामावर असते, आपण बोलतं केलं की धोटा, आडवा दोरा नेणारा, थांबतो, हे माझ्या, मागवाल्याच्या मुलीच्या, लक्षात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी सांधणीला गेले. जुना ताणा संपला की नव्याचा एकेक दोरा जुन्याला पीळ देऊन जोडतात, तासन्‌तास. तेव्हा हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असतं. मावशींनी मलाही बाजूला बसवलं. माझे पहिले वीस जोड त्यांनी न बोलता सोडवले आणि पुन्हा घातले, आणि ते घालता घालता माझे चाळीस प्रश्न संपले.