लोदी गार्डन उलट्या दिशेने पाहा

दिल्लीत सकाळ मोकळी मिळाली की मी लोदी गार्डन गाठते. बहुतेक लोक लोदी रोडकडून शिरतात. तुम्ही मात्र उत्तरेच्या टोकाला, अकबराच्या काळातल्या अठपुला नावाच्या दगडी पुलापासून सुरुवात करा. जवळच सिकंदर लोदीचा तटबंदीतला अष्टकोनी मकबरा आहे, १५१७चा.

मग शीश गुंबद. भिंतीवर उरलेल्या निळ्या फरशा शोधा, कोवळ्या उन्हात त्या चटकन दिसतात. समोरच्या बडा गुंबदात कबरच नाही! त्याला लागून असलेल्या मशिदीत मात्र घाई नको. मान वर करून चुन्यातली कोरीव अक्षरं पाहा. अर्धा तास इथेच घालवा, वाचता आली नाहीत तरी. भिंतींना हात लावू नका, लोकांनी नावं खरडून आधीच पुरेसा छळ केलाय.

गुलाबबाग, बोन्साय वाटेत बघून होतात. शेवटी मुहम्मद शाह सय्यदचा मकबरा.

आणि हिरवळीवर टेकाल तेव्हा आठवा, इथे खैरपूर नावाचं गाव होतं. ते हलवून १९३६मध्ये ही बाग केली, तेव्हा नाव होतं लेडी विलिंग्डन पार्क. पायांत चपला नको, बूट घाला.